बारावीची समीकरणं पुढे खरंच कुठे वापरतात का?
हो, वापरतात की! आपल्या रावेर-यावलकडच्या केळीचंच बघा. ऊन, वारा, तापमान अन् हवेतला ओलावा टाकून पेनमन-माँटिथच्या समीकरणातून रोज किती मिमी पाणी उडतं ते काढतात, समजा मे महिन्यात 8 आलं, केळीचा पीक गुणांक (म्हणजे गवताच्या तुलनेत पीक किती पट पाणी ओढतं तो आकडा) धरला 1.1 अन् झाडाची जागा 1.5 बाय 1.5 मीटर, तर गुणाकार करून (एका चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर) झाडाला रोज साधारण 20 लिटर. काळ्या जमिनीत ते एकदम द्या, मुरमाडात दोन वेळा. पाइपचं तर भारीच आहे, तेवढंच पाणी अर्ध्या व्यासातून नेलं तर घर्षणात दाब जवळजवळ 32 पट जास्त जातो. इकॉनॉमिक्समध्ये कॉबवेब मॉडेल बघा, यंदा भाव चढला म्हणून सगळे तेच लावतात अन् पुढच्या हंगामात भाव पडतो.