दोन पोळ्यांनी आता भागत का नाही?

प्रश्न : डॉक्टर, मी ४४ वर्षांची आहे, मानेवाड्यात राहते, शिक्षिका आहे. मागल्या उन्हाळ्यात डाएट सुरू केलं आणि चार महिन्यांत ८२ किलोवरून ७० वर आले. सगळ्यांनी कौतुक केलं. आता परत ७९. आधी दोन पोळ्या, वरण-भातात पोट भरायचं, आता तेवढ्यानं भागतच नाही. मिस्टर अजनीला लोको पायलट, त्यांच्या ड्युटीप्रमाणे रात्री-अपरात्री उठून डबा करते, तेव्हा चिवड्याच्या डब्यात हात जातोच. सासूबाई म्हणतात, "हिला जीभच आवरत नाही." मला खरंच भूक जास्त लागते, की हे मनाचे खेळ आहेत?

उत्तर : ताई, भूक खरीच जास्त लागते आहे. हे आधी सासूबाईंना वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

आपली चरबी नुसती साठून राहत नाही. ती लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते शोधलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून छोटासा भाग असतो. अंगात साठा किती आहे, हे त्याला लेप्टिनवरून कळतं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, आणि मेंदूला तुमचं डाएट ठाऊक नसतं. त्याच्या लेखी दुष्काळ पडलेला असतो. तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च आखडतो, तोही घटलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच. जठरातून येणारं घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन त्याच वेळी वाढतं, आणि जेवल्यावर "आता पुरे" सांगणारी आतड्यांतली हार्मोन्स कमी पडतात. तुमच्या दोन पोळ्या पुरेनाशा झाल्या त्या इथे.

हे किती दिवस चालतं? मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५० लठ्ठ लोकांवरचा अभ्यास छापला. दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला, सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने पुन्हा तपासलं तरी ही हार्मोन्स मूळ जागी आली नव्हती आणि भूकही वाढलेलीच होती. माझ्या ओपीडीत बायका वजन परत वाढलं म्हणून मान खाली घालून बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. घरच्यांनी टोमणे मारून लेप्टिन वाढत नाही हो!

आता त्या चिवड्याबद्दल. पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुमची झोप आहे. शिकागोमध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी भरलं, घ्रेलिन २८ टक्के जास्त, आणि ओढ वाढली ती गोड, खारट, पिठूळ खाण्याची. अभ्यास छोटा होता, पण रात्री दोनला डबा भरताना नेमका चिवडाच का हवासा वाटतो, काकडी का नाही, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे. डबा संध्याकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवा, मिस्टर स्वतः गरम करून नेतील. त्यांना मी सांगितलंय म्हणून सांगा.

खाणं आणखी कमी करू नका. उलट प्रत्येक जेवणात प्रथिनं वाढवा : घट्ट वरण, मोड आलेल्या मुगाची उसळ, दही, चालत असेल तर अंडं. त्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. सकाळी तर्री-पोहे खाल्ले तर त्यावर चणे जास्त आणि शेव कमी घ्या. रोज चाला. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी सहाच्या आत चालून घ्यावं लागतं, नाहीतर सरळ घरातच चाला.

थायरॉईडसाठी टीएसएच आणि तीन महिन्यांच्या साखरेची एचबीएवनसी, या दोन तपासण्या करून घ्या. तुमचं वय पाहता पाळीत काही बदल झाला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा. सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनबद्दल मैत्रिणी सांगतीलच. आतड्यातल्या जीएलपी-१ या हार्मोनची ती नक्कल आहे आणि तिने भूक खरंच कमी होते. पण एका मोठ्या चाचणीत इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं ते दीर्घकाळ, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

७० चा हट्ट तूर्त सोडा. ७९ मधले चार किलो उतरून तिथे टिकले तरी साखरेला आणि बीपीला फायदा होतो. आपल्या बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात. पुढच्या पत्रात दोन्ही रिपोर्ट आणि कमरेचं माप कळवा. वजन नाही लिहिलं तरी चालेल.