साउंड कार्ड बदलण्यापूर्वी शेजारच्या कार्डावरचा जंपर पाहा

पेंटियम टू, विंडोज ९८, आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधील साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड, आणि नेटवर्कवरून फाइल पाठवू लागताच आवाजाचा तोच अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा वाजणे: आपण केलेले हे वर्णन वाचून मला १९९९ सालचा माझा स्वतःचा संगणक आठवला. आपण ड्रायव्हर तीन वेळा टाकून पाहिला आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील जोडलेल्या भागांच्या यादीत) संघर्ष दाखवणारे पिवळे चिन्ह कोठेही दिसत नाही, आणि आता दुसरे साउंड कार्ड घ्यावे काय, असे विचारता. घेऊ नये, असे माझे मत आहे.

तोच तुकडा पुन्हा वाजतो याचा अर्थ कार्ड जिवंत आहे आणि डीएमए, म्हणजे स्मृतीतील आवाज प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डापर्यंत नेणारी यंत्रणादेखील काम करत आहे. एक तुकडा वाजवून झाला की कार्ड आयआरक्यूच्या, म्हणजे प्रोसेसरला हाक देण्यासाठी असलेल्या क्रमांकित तारेवरून प्रोसेसरला पुढचा तुकडा मागते. ती हाक पोहोचली नाही, तर स्मृतीत असलेला जुनाच तुकडा फिरत राहतो. आयएसएवर दोन कार्डांनी एकच आयआरक्यू वापरावा अशी सोय मुळात नाही. एका कार्डाने ती तार धरून ठेवली की दुसऱ्याची हाक दबून जाते.

माझ्याकडे नेटवर्क कार्डाच्या जागी अंतर्गत मोडेम होता. ज्या दुरुस्ती केंद्रात मी यंत्र नेले, तेथे पडद्यावर सारे ठीक दिसते असे पाहून प्रथम हार्ड डिस्क फॉरमॅट करण्यात आली, पुढच्या खेपेस साउंड कार्ड बदलण्यात आले, आणि तिसऱ्या खेपेस मदरबोर्डच सदोष असल्याचा निर्वाळा मिळाला. मी नवा मदरबोर्ड घेतला. जुना मोडेम त्यावर जसाच्या तसा बसवला गेला आणि त्याबरोबर दोषही आला. तिन्ही खेपांत मोडेम काढून पाहण्याची कल्पना त्यांना सुचली नाही, आणि मलाही सुचली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोडेमवरील जंपर (दोन पिना जोडून क्रमांक ठरवणारी छोटी टोपी) आयआरक्यू ५ वर होता, साउंड कार्डही ५ वरच होते. मात्र विंडोजने मोडेमच्या कॉम ३ या सीरियल पोर्टासाठी नेहमीचा ४ हा क्रमांक गृहीत धरला होता, म्हणून पडद्यावर संघर्षाचा मागमूस नव्हता. मोडेम अडखळत असे, तो दोष मी कित्येक महिने टेलिफोनच्या लाइनला देत राहिलो.

जंपर असलेल्या कार्डाच्या बाबतीत डिव्हाइस मॅनेजर काय म्हणतो यावर विसंबू नये, ते एवढ्याचसाठी. अशा कार्डाचे अस्तित्व बायोसच्या (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) प्लग अँड प्ले, म्हणजे क्रमांक आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेला कळतच नाही. आपल्या छायाचित्रातील नेटवर्क कार्डावर जंपरांची रांग दिसते. तेव्हा ते कार्ड आधी काढून घ्यावे आणि केवळ साउंड कार्डावर तासभर आवाज वाजवून पाहावा. दोष गेला, तर नेटवर्क कार्डाचा जंपर १० वर न्यावा, ड्रायव्हरमध्येही हाताने १० हाच क्रमांक द्यावा, आणि बायोसमध्ये आयआरक्यू १० पुढे ‘लेगसी आयएसए’ निवडावे, म्हणजे तो दुसऱ्या कार्डाला वाटला जाणार नाही. कार्ड आठ बिटांचे असेल तर त्यावर १० ची सोय नसते. अशा वेळी ३ निवडून, तोच क्रमांक वापरणारा कॉम २ बायोसमधून बंद करावा. साउंड कार्डाला ५ वरून हलवू नये, असा माझा आग्रह आहे, कारण डॉसमधील बरेच जुने खेळ पत्ता २२०, आयआरक्यू ५ आणि डीएमए १ हेच धरून चालतात. प्रत्येक बायोसमध्ये या पर्यायांची नावे थोडी निराळी असतात, आणि आपला मदरबोर्ड मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवावे.

प्रिंटरचा पोर्टही एकदा तपासावा. तो पत्ता ३७८ आणि आयआरक्यू ७ वर असावा. काही बायोसांत पत्ता २७८ आणि आयआरक्यू ५ अशी जोडी निवडता येते आणि कोणीतरी ती निवडून ठेवलेली असते.

आपण आयएसएनंतर आलेल्या पीसीआय पद्धतीचे कार्ड घेण्याचा विचार केलाच, तर तेथे एका क्रमांकावर दोन-तीन नावे दिसल्याने घाबरून जाऊ नये. पीसीआयवर आयआरक्यू वाटून घेणे नियमाला धरून आहे. तरीही आवाज तुटलाच, तर कार्ड एजीपी या ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटलगतच्या स्लॉटमधून काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावावे, कारण तो स्लॉट बहुधा ग्राफिक्स कार्डाशी तार वाटून घेतो.

हे सर्व झाल्यावर बायोसमधील ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा चालू करून यंत्र सुरू करावे, आणि विंडोज सेफ मोडमध्ये उघडून साउंड कार्डाच्या जितक्या जुन्या नोंदी दिसतील तितक्या काढून टाकाव्यात. तीन वेळा ड्रायव्हर टाकल्यामुळे आपल्याकडे त्या एकाहून अधिक असण्याची शक्यता आहे. मदरबोर्डवरील सीआर २०३२ बॅटरी मात्र त्याआधीच बदलावी. ती संपलेली असेल, तर बायोसमध्ये केलेले हे सगळे बदल यंत्राची वायर काढताच पुसले जातील.