एआय कोड लिहून देत असताना कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्याने रोज काय शिकावे?

आपल्याला यंदा नागपुरात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला आहे, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे आणि घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. एआयला सांगितले की कोड तयार मिळतो, मग रोज नेमके काय शिकायचे आणि कसे, असे आपण विचारले आहे. मी नागपुरातच याच शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझेही शालेय शिक्षण मराठीतूनच झाले आहे, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

माझ्या मते रोजच्या अभ्यासात एक सवय सर्वांत महत्त्वाची आहे. प्रोग्राम चालवण्यापूर्वी त्याचे उत्तर काय येईल ते वहीत लिहायचे, मग प्रोग्राम चालवायचा, आणि दोन्हींत फरक पडला तर तो का पडला हे कळेपर्यंत पुढे जायचे नाही. शाळेत गणित सोडवल्यावर आपण ताळा करतो. इथे तो आधी मांडून ठेवायचा आहे. एआय असो वा नसो, या विषयातील माझे बहुतेक खरे शिक्षण त्या फरकाच्या शोधातूनच झाले आहे.

लहान उदाहरणापासून सुरुवात करा. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी बरोबर आहे का, असे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला विचारले तर तो नाही म्हणतो, आणि बेरीज छापायला सांगितली तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. कारण असे की, एक तृतीयांश जसा दशांशात कधीच संपत नाही, तसाच एक दशांश द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत संपत नाही. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकानुसार संगणक त्याचे ५३ बिटांपुरते जवळचे रूप साठवतो. हे पुस्तकात वाचले तर परीक्षेपर्यंत लक्षात राहते. पण वहीत आधी 'होय' लिहिले असेल आणि पडद्यावर 'नाही' आले, तर पुढे पैशांचा हिशोब ठेवणारा कोणताही प्रोग्राम लिहिताना आपण रुपयांच्या अपूर्णांकांऐवजी सगळी रक्कम पैशांच्या पूर्णांकात साठवू, हे कोणी सांगावे लागत नाही.

पहिल्या वर्षी 'स्ट्रिंग (म्हणजे चिन्हांची ओळ) उलटी करा' हा प्रयोग जवळपास सगळीकडे असतो आणि तो बहुधा इंग्रजी शब्दावर करून प्रयोगांच्या फाइलमध्ये लिहिला जातो. तोच 'नागपूर' या शब्दावर करून पाहा, कारण यात जे शिकायला मिळते ते इंग्रजी शब्दात दडून राहते. आपण वाचतो तेव्हा ना, ग, पू, र अशी चार अक्षरे मोजतो. पायथॉनला लांबी विचारली तर तो ६ सांगतो, आणि सी भाषेतील लांबी मोजणारे स्ट्रलेन हे फंक्शन, मजकूर यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या एककांत, मांडण्याची पद्धत) मध्ये असेल तर, १८ सांगते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात काना आणि उकार यांना व्यंजनांपासून वेगळे क्रमांक आहेत, म्हणून न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा चिन्हे होतात. आणि केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तर साध्या इंग्रजी अक्षराला एकच. त्यामुळेच इंग्रजी शब्दावर हे तिन्ही आकडे सारखे येतात आणि अक्षर, चिन्ह व बाइट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येत नाही.

आता शब्द उलटा करा. सी मध्ये बाइट उलटे केले तर पडद्यावर निरर्थक चौकोन येतात. तिथे काहीतरी बिघडले आहे हे कुणालाही कळते. पायथॉनमध्ये मात्र 'रूपगान' असे उत्तर येते. सहा चिन्हे मागून पुढे मांडली गेली, नचा काना गला जाऊन बसला आणि पचा उकार रला. शब्द इतका सुबक दिसतो की नजर त्यावरून सहज पुढे सरकते. अक्षरे उलटी केली तर 'रपूगना' यायला हवे होते, आणि ज्याने ते आधी वहीत लिहून ठेवले आहे त्यालाच चूक दिसते. हे उदाहरण मी पहिल्या वर्षाच्या मुलांना आवर्जून दाखवतो, कारण चुकीचे उत्तर चुकीचेच दिसेल ही आपली समजूत त्याने मोडते.

याच्या मुळाशी गेलात तर आणखी पुष्कळ हाती लागते. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि मजकूर कुठे तोडायचा याचे लिखित नियम आहेत. पायथॉनसाठी रेजेक्स नावाचे वेगळे पॅकेज आहे, ते अशा तुकड्यांत मजकूर फोडून देते. त्यातही जोडाक्षरांची गंमत आहे: 'क्ष' मध्ये क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आहेत, आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, आला. त्याआधीचे नियम पाळणारी साधने हलन्तानंतर तोडतात. एका प्रयोगातून निघालेला हा धागा मला थेट मानकांच्या कागदपत्रांपर्यंत घेऊन गेला.

विदर्भातील विद्यार्थ्याला तर असे प्रश्न रोज भेटतात. मराठी पुस्तकांच्या यादीत शोध घेणारा एक छोटा प्रकल्प आमच्या गटाने केला, तेव्हा 'वऱ्हाड' हा शब्द टाकल्यावर काही नोंदी सापडत आणि काही सापडत नसत. त्यातला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एक तर त्याचे स्वतंत्र चिन्ह आहे, किंवा साध्या र खाली नुक्ता (टिंब) देऊनही तो बनतो. कोणत्या कीबोर्डवरून टंकले यावर ते ठरते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करणाऱ्या प्रोग्रामला ते वेगळे शब्द आहेत. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी मजकूर एनएफसी या प्रमाणित रूपात आणला की हा प्रश्न सुटतो; त्यासाठीचे फंक्शन पायथॉनसोबतच येते. त्याच यादीत 'ॲ' ने सुरू होणारी नावे 'ह' च्याही खाली जात, कारण ॲ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले आणि त्याचा क्रमांक ह च्या पुढचा आहे. मराठी माध्यमातून आल्यामुळे आपण मागे आहोत असे वाटण्याचे कारण नाही. हे प्रश्न आधी आपल्याच लक्षात येतात.

एआयबद्दल आता सांगणे सोपे जाईल. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, त्यामुळे आमच्या तुकडीचे सगळे महाविद्यालयीन शिक्षण ही साधने हाताशी असतानाच झाले आहे आणि मी ती रोज वापरतो. ही मॉडेल्स आधीच्या मजकुरावरून पुढे काय येण्याची शक्यता अधिक आहे हे ठरवत लिहितात, म्हणून त्यांचा कोड जवळजवळ नेहमीच सुबक असतो, आणि त्यात चूक असेल तर ती 'रूपगान' सारखी असते. ज्याच्याकडे स्वतःचा अंदाज नाही त्याला ती दिसणार नाही. म्हणून माझा क्रम असा आहे: आधी उत्तराचा अंदाज वहीत, मग स्वतःचा कोड, मग एआयला प्रश्न. तोही 'लिहून दे' असा शक्यतो विचारत नाही. 'हा कोड कोणत्या इनपुटवर मोडेल' असा विचारतो. रिकामी यादी, एकच घटक, ऋण संख्या, मराठी मजकूर अशी आपल्याला न सुचलेली इनपुट त्यातून मिळतात आणि ती प्रत्यक्ष चालवून शहानिशा करता येते.

सबमिशनच्या आदल्या रात्री तयार कोड उतरवण्याचा मोह सर्वांना होतो, हे मी वसतिगृहात पाहतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाह्य परीक्षक एखादी ओळ दाखवून 'ही काढली तर काय होईल' एवढेच विचारतात, आणि प्लेसमेंटच्या मुलाखतीतही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. शिवाय लेखी परीक्षेत कोड कागदावर पेनाने लिहावा लागतो. पुष्कळ विद्यार्थी या पद्धतीला नावे ठेवतात. मला ती उपयोगाची वाटते, कारण मशीन नसताना प्रोग्राम डोक्यात चालवता येतो की नाही हे तिथेच कळते.

इंग्रजीचा अडसर पहिल्या सत्रात जाणवेल. पॉइंटर, स्टॅक, रिकर्शन ही नावे आहेत तशीच वापरा, पण त्यांचे स्पष्टीकरण मित्राला मराठीत द्या. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेट्रो स्थानकावर गाडी बदलताना मी आणि माझा मित्र असेच एकमेकांना शिकवत आलो आहोत. जिथे मराठी वाक्य अडते, तिथे बहुतेक वेळा संकल्पनाच अर्धवट समजलेली असते. व्याख्यानांसाठी आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. सुरुवातीला ते कमी वेगाने लावा आणि अधूनमधून थांबवून पुढे काय सांगतील याचा अंदाज करा. एरर मेसेज मात्र भाषांतर करून वाचू नका, इंग्रजीतच पूर्ण वाचा. त्यांत नेहमीचे शब्द थोडेच असतात आणि ते काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. अनेक एरर एकदम आले तर सर्वांत वरचा आधी सोडवा, खालचे बहुधा त्याच्यामुळेच आलेले असतात.

राहिला लॅपटॉप. सी, पायथॉन, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, इतकेच काय ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रयोगही ४ जीबीवर होतात. त्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर खर्च करायचा तो आधी एसएसडीवर करा. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली (हेडखाली) येण्यासाठी सरासरी साडेपाच मिलिसेकंद फिरण्यातच जातात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्यामुळे हा वेळ वाचतो, आणि रॅम कमी असल्याने मशीन वारंवार डिस्ककडे धावते तेव्हा हा फरक फार जाणवतो. सोबत लुबंटूसारखी हलकी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत तर कमांड लाइनही आपोआप शिकाल.

नागपूरचा उन्हाळा हा या बाबतीत खरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हाळी परीक्षा व सबमिशन त्याच सुमारास येतात. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, त्यामुळे दुपारी तोच प्रोग्राम सकाळपेक्षा हळू चालतो. एखाद्या लांब लूपला दोन्ही वेळी लागणारा वेळ मोजून पाहा, हाही एक प्रयोगच आहे. गादीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची जाळी मोकळी राहू द्या, पंख्यातील धूळ उन्हाळ्याआधी साफ करून घ्या आणि कूलरच्या थेट झोतात बसू नका, कारण त्या हवेसोबत पाण्याचे तुषार येतात. जड काम पहाटे करा.

पहिल्या वर्षासाठी नवा लॅपटॉप घेण्याची घाई करू नका. पुढे मशीन लर्निंग किंवा अँड्रॉइडचे काम निवडलेत तर १६ जीबी रॅम असलेली बरी, आणि तोवर आपल्याला काय हवे आहे हे दुकानदारापेक्षा आपणच नीट सांगू शकाल.