मिळतात, पण मिसळत नाहीत

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. लेकीच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाची ओळख ते मराठीत लिहून देताहेत. पारदर्शक पट्टीत केसाच्या जाडीएवढी वाट कोरलेली आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखी. एका फाट्यातून लाल पाणी सोडायचं, दुसऱ्यातून निळं. पुढे वाट एक होते, तरी दोन्ही रंग शेजारी शेजारी चालत राहतात. यांनी लिहिलं, ‘हे दोन द्रव मिसळत नाहीत.’ लेक म्हणाली, “बाबा, हे तेल-पाण्यासारखं वाटतं!” मग काय लिहावं?

लेकीचा कान तयार आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ स्वभाव सांगतो. ‘तेल पाण्यात मिसळत नाही’ म्हणजे कितीही हलवा, नाहीच. इथे तर दोन्हीकडे पाणीच आहे. पेल्यात ओतून चमचा फिरवला तर क्षणात जांभळं होईल. अडचण पाण्याच्या स्वभावात नाही, वाटेच्या अरुंदपणात आहे.

आपल्याकडे यासाठी एक जुनी जोडी तयारच आहे. मुठा मुळेला संगमावर ‘मिळते’. ‘मिसळते’ असं आपण म्हणत नाही. मिळणं म्हणजे वाट एक होणं, मिसळणं म्हणजे वेगळेपण पुसलं जाणं. नदीचं पाणी भोवरे घेत, उलथापालथ होत जातं, त्यामुळे मिळाल्यावर मिसळणं ओघानंच आलं. केसाएवढ्या वाटेत भोवरेच उठत नाहीत. पाण्याचा चिकटपणा त्याच्या वाहण्याच्या जोराला पुरून उरतो. जोर चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स अंक. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा फरक दाखवला. नळीत हा अंक साधारण २००० च्या वर गेला की धार विस्कटू लागते. १०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या, रुंदीच्या वाटेत सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यासाठी तो ०.१ च्या आसपास येतो. विस्कटायची बातच सोडा.

अशा वाहण्याला पुस्तकात ‘स्तरीय प्रवाह’ म्हणतात. चूक नाही, पण ‘स्तर’ म्हटलं की मला खडक आठवतात, नाहीतर समाजशास्त्र. घडीच्या पोळीला सुटतात ते ‘पदर’ जास्त जवळचे: पातळ, एकमेकांना लागून, तरी वेगळे. ‘पाणी पदर धरून वाहतं’ असं बिनधास्त लिहा.

आता खरी मजा. पाषाणला एका मित्राच्या प्रयोगशाळेत मी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. फाटे जुळतात तिथे लाल-निळ्यातली रेघ पट्टीने आखल्यासारखी असते. ती पारदर्शक पट्टी हळूहळू पुढे सरकवत गेलं की ती रेघ जाड होते, जांभळी होते आणि सेंटीमीटरभर अंतरावर सगळंच जांभळं. कुणी ढवळलं नाही, घुसळलं नाही, कालवलं नाही. रेणू आपले आपण इकडून तिकडे गेले. याला परिभाषेत ‘विसरण’ म्हणतात. शब्द संस्कृतातून रीतसर आलेला, पण वाचणाऱ्याला आधी विस्मरणच आठवतं. माझं मत ‘भिनणे’ला. विष भिनतं, सूर भिनतो. आवाज न करता, सावकाश, आतपर्यंत. भिनणं एरवी एकतर्फी असतं, म्हणून इथे ‘एकमेकांत भिनतात’ म्हणायचं, एवढंच.

भिनण्याचा हिशोब मात्र विचित्र आहे. रंगाच्या लहान रेणूला १०० मायक्रोमीटर ओलांडायला साधारण १० सेकंद लागतात. रुंदी शंभरपट करा, म्हणजे १ सेंटीमीटर, तर वेळ शंभरपट नाही, दहा हजारपट: १ लाख सेकंद, म्हणजे दिवसाहून जास्त. म्हणून चहात साखर भिनायची वाट कुणी बघत नाही, चमचा घेतो. पण याच हळूपणाचा उपयोगही होतो. रक्ताशेजारून स्वच्छ द्रव वाहू दिला तर लहान रेणू भिनून पलीकडे जातात आणि पेशी आपल्याच पदरात राहतात.

आणि लवकर मिसळायला हवं असेल तर? इथे चमचा चालत नाही, पण लाटणं चालतं. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वाटेच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा पाडल्या. त्यांवरून जाताना पाणी ताणलं जातं, दुमडतं, पुन्हा ताणलं जातं. चिरोटे करणाऱ्यांना सांगायला नको: लाटायचं, साटा लावायचा, घडी घालायची, परत लाटायचं. पदर वाढतात आणि प्रत्येक पदर पातळ होतो. रुंदी निम्मी झाली की भिनण्याचा वेळ पाव होतो, त्यामुळे थोड्या घड्यांतच काम होतं. या क्रियेला ‘मिश्रण’ म्हणण्यापेक्षा ‘घड्या पाडणे’ म्हटलं तर वाचणाऱ्याला चित्र दिसेल.

तर तुमचं वाक्य असं करून बघा: ‘लाल आणि निळं पाणी एकमेकांना मिळतं, पण लगेच मिसळत नाही, पदर धरून वाहतं आणि पुढे जाता जाता एकमेकांत भिनतं.’

या अरुंद वाटेला, इंग्रजीतल्या ‘चॅनेल’ला, काय म्हणावं, हेही तुम्ही विचारलंय. ‘नलिका’ किंवा ‘सूक्ष्मवाहिनी’ चालेल, ‘चॅनेल’ ठेवलंत तरी कुणाचं अडणार नाही. ‘कालवा’ मात्र नको. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने आपली चांगली ओळख आहे, पण ‘पाणी कालवा’ असं वाचून एखादा विद्यार्थी खरंच हात घालायचा.