पंधरा तारखेची चौदा का होते?

प्रश्न : कळमना बाजारातल्या संत्रा अडत्यांसाठी आम्ही जीडब्ल्यूटीमध्ये (जावात लिहून ब्राउझरमध्ये चालणारी वेब-अ‍ॅप्स बनवण्याचं साधन) आवक नोंदवही केली आहे. स्क्रीनवर १५ नोव्हेंबर २०२४ निवडली की डेटाबेसमध्ये १४ पडते. ऑफिसातल्या लॅपटॉपवर मात्र बरोबर चालतं. आरपीसीमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीत, तारीख बिघडते का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आरपीसी निर्दोष आहे. जावाचा ‘युटिल.डेट’ नावालाच तारीख. त्याच्या पोटात असतात १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद. जीडब्ल्यूटी तेवढा आकडा पाठवतं, टाइमझोन पाठवत नाही. नागपुरातल्या ब्राउझरने पंधराची मध्यरात्र धरली की आकडा होतो १७३१६०९००००००. यूटीसीत हाच क्षण म्हणजे १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतो, सर्व्हर बहुधा यूटीसीवर. म्हणून तिथे चौदा.

सर्व्हरचा टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करून टाका, असा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने दुखणं दबतं, जात नाही. संत्रा बांगलादेशात जातो. ढाक्याच्या व्यापाऱ्याने तीच तारीख निवडली तर तिथली मध्यरात्र आपल्याकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा असते. पुन्हा चौदाच!

आवकेची तारीख हा क्षण नसून कॅलेंडरवरचा दिवस आहे, तेव्हा ती ‘डेट’ म्हणून पाठवूच नका. ब्राउझरमध्येच ‘डेटटाइमफॉरमॅट’ने वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग (साधा मजकूर) करा, डीटीओमध्ये, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, स्ट्रिंगच ठेवा आणि सर्व्हरवर ‘लोकलडेट.पार्स’ करा, म्हणजे ती वेळेविना नुसता दिवस म्हणून वाचली जाईल. डेटाबेसचा कॉलमही डेट प्रकारचा हवा. पॅटर्नमध्ये महिन्याचा एम कॅपिटल लिहा. स्मॉल एम म्हणजे मिनिटं. स्ट्रिंगसाठी ब्राउझरचं मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) वापरू नका, त्यातून देवनागरी अंक येतात आणि पार्स एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. गाडी काट्यावर चढल्याची वेळ मात्र खरोखरच क्षण आहे. ती मिलिसेकंदांतच जाऊ द्या.

जुन्या नोंदी सरसकट एक दिवस पुढे ढकलू नका. कॉलममध्ये वेळही साठत असेल तर १८.३० वाल्या नोंदी आधी वेगळ्या काढा, त्यातल्या बहुतेक याच घोटाळ्याच्या असतील. नुसता दिवस साठला असेल तर ही खूण पुसली गेली. मग अडत्याच्या पावत्यांशी ताळा करण्यावाचून इलाज नाही.

प्रश्न : जीडब्ल्यूटी सोडून जेसनवर (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याची पद्धत) आलो. आता ‘लोकलडेट’ तीन आकड्यांच्या अ‍ॅरेसारखी येते.

उत्तर : जॅक्सन २ मध्ये (जावातून जेसन लिहिणारी लायब्ररी) जावाटाइम मॉड्यूल जोडलं तरी तारखा आकड्यांत लिहिण्याची सेटिंग, म्हणजे ‘राइट डेट्स अ‍ॅज टाइमस्टॅम्प्स’, मुळात चालू असते. ती बंद करा.