बाळ नऊ दिवसांचं, दादा रुसलेला: घरच्या घरी चौघांचा फोटो

तुम्ही लिहिलंय की मुलगी नऊ दिवसांची आहे, थोरला साडेचार वर्षांचा. कोलशेतला अठराव्या मजल्यावर घर, खिडक्या पश्चिमेला. बारशाआधी चौघांचा एक तरी नीट फोटो हवाय, पण कॅमेरा दिसला की थोरला पडद्यामागे जातो आणि "मला नाही बसायचं तिच्याजवळ" म्हणतो. मी ठाण्यात चौदा वर्षं लहान मुलांचे फोटो काढतोय, बहुतेक लोकांच्या घरी जाऊनच. जे कळलंय ते सांगतो.

तुम्ही विचारलंय सगळं लेन्सबद्दल, पण मी थोरल्यापासून सुरुवात करतो. सिझेरियन झाल्याचं तुम्ही ओघात लिहून गेलात. म्हणजे आईला टाके आहेत आणि त्याला उचलायची तिला मनाई असणार. आता त्याच्या जागी बसून बघा. आई काही दिवस घरात नव्हती. आली ती बाळ घेऊन, आणि तेव्हापासून ती त्याला कडेवर घेत नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याला "आता तू दादा झालास, शहाण्यासारखं वागायचं" असं बजावतो. त्यात बाबाही कॅमेरा रोखून "तिच्याजवळ बस, हस बघू" म्हणाले, तर तो पडद्यामागे जाणारच.

म्हणून पहिला फोटो बाळाचा नको, त्याचा आणि आईचा काढा. बाळ आजीकडे द्या. आई पलंगावर पाठ टेकून बसेल, टाक्यांना धक्का लागू नये म्हणून पोटाशी उशी, आणि तो तिच्या कुशीत. त्याला काहीच सांगू नका. आईला म्हणावं, तो झाला त्या दिवसाची गोष्ट त्याला सांग: पाऊस होता का, पहिलं दुपटं कुठलं होतं, तो किती मोठ्याने रडला. स्वतःच्या जन्माची गोष्ट मुलं फार मन लावून ऐकतात. तुम्ही दाराशी बसून दहा-पंधरा फोटो काढा आणि लगेच त्याला दाखवा. माझ्या अनुभवात पुढची अर्धी वाट तिथेच सरते.

मग बाळाला आणा, पण त्याच्या मांडीवर देऊ नका. हे कळकळीने सांगतोय. सुरुवातीच्या काळात मी एका घरी असाच हट्ट केला होता. चॉकलेट कबूल करून पाच वर्षांच्या मुलाला सोफ्यावर बसवलं, बाळ मांडीत ठेवलं आणि मागे सरकून फोकस करू लागलो. त्याला नकोच होतं. तो झटकन उठला आणि बाळ घरंगळलं. आजीचा हात तिथे होता म्हणून काही झालं नाही. तो फोटो आला नाही, आणि त्या मुलाला सगळे ओरडले ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. चूक माझी होती. तेव्हापासून मी खाली जमिनीवर गादी घालतो, बाळ गादीच्या मधोमध, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

गादीवर त्याला पोज नाही, काम द्या. "पायाची बोटं दहाच आहेत ना, मोजून सांग." मुलं मोजतातच, आणि मोजताना चेहरे फार सुंदर होतात. दुसरं काम: नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच जरा बरं दिसतं, म्हणजे एक वीत किंवा थोडं जास्त. त्याला सांगा, "तू एवढ्या जवळ आलास तरच तिला तुझं तोंड दिसेल." तो वीत लावून बघेल. आलाच नाही, गादीच्या कडेला पाठ करून बसला, तर तसाच काढा. पुढे आई, बाबा, बाळ आणि मागे त्याची पाठ. नवव्या दिवशी तुमचं घर तसंच आहे. असे फोटो मी दिलेत आणि काही वर्षांनी तेच भिंतीवर लावलेले पाहिलेत.

घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर मात्र त्या दिवशी बेत रद्द.

चौघांच्या फोटोसाठी कॅमेरा गादीच्या बाजूला ट्रायपॉडवर ठेवा. दहा सेकंदांच्या टायमरला ओळीने पाच-सात फोटो काढायची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल, ती वापरा. वरून काढायचा मोह झाला तर पट्टा गळ्यात हवाच. बाळाच्या वर कॅमेरा धरताना नुसत्या हातांवर भरवसा नको. 50 एमएम लेन्समध्ये तुमच्या बेडरूममध्ये चौघं मावणार नाहीत, किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स, 24-28 एमएमवर ठेवा. सगळे चेहरे स्पष्ट हवेत तर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) f/4 ते f/5.6, शटर 1/160 सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) 1600 पर्यंत गेला तरी चालेल. 50 एमएम ठेवा बोटांसाठी, जावळासाठी.

उजेड तुमच्याकडे चांगला आहे. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी बारापर्यंत थेट ऊन येत नाही, नुसतं आभाळ असतं, आणि सध्याच्या ढगांत तर ते आणखी मऊ. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर खिडकीचा आणि ट्यूबचा रंग एकत्र येऊन बाळाची कातडी विचित्र दिसते. तुम्ही टाकलेल्या फोटोत गाल हिरवट दिसतात ते त्या पोपटी भिंतीमुळे. भिंतीवर पांढरी चादर टाका. फ्लॅश लागणारच नाही.

वेळ सकाळच्या अंघोळीनंतरची, बाळ पिऊन गाढ झोपतं तेव्हाची. एसी, पंखा बंद. धुरी मात्र नको. बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, ते ऐकावं.

बाळ हनुवटीखाली हात घेऊन बसल्याचे स्टुडिओतले फोटो तुम्ही विचारलेत. ते दोन फोटो जोडून केलेले असतात. एकात कुणी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर हात पुसलेले. बाळ क्षणभरही मोकळं सोडलेलं नसतं. घरी करूच नका. कुंची घालून दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मला त्याहून कितीतरी आवडतं.

आणि बारशाआधी जमलं नाही तर राहू द्या. अंग आखडून झोपलेलं बाळ पहिल्या दोनेक आठवड्यांतच मिळतं, ते तुम्ही एकटेही टिपू शकता. चौघांचा फोटो सव्वा महिन्यानंतर काढा. तोवर आईला बसायला सोपं जाईल, बाळ कदाचित हसायला लागलं असेल, आणि थोरलाही तिच्या रडण्याच्या आवाजाला सरावलेला असेल. आजच्यापैकी आई आणि त्याचा एक फोटो मात्र छापून आणा आणि त्याच्याच हातात द्या. कुठे चिकटवायचा ते तो ठरवेल.