बाळाच्या शीत रक्ताची रेघ : आईने नेमके काय सोडायचे?

प्रश्न : माझे बाळ ७ आठवड्यांचे आहे, फक्त अंगावरच पिते. गेल्या आठवड्यात त्याच्या शीत दोनदा शेंबडासारखा चिकटपणा आणि रक्ताची बारीक रेघ दिसली. पिते छान, वजनही वाढते आहे. घरचे म्हणतात, तुझ्याच खाण्यातले काहीतरी बाधतेय. म्हणून मी दूध, गहू, अंडी, डाळी, शेंगदाणे सगळे बंद केले. दुधाऐवजी लॅक्टोजमुक्त दूध घेते. तरी परवा पुन्हा रक्त दिसले. अंगावरचे बंद करून डब्याचे दूध द्यावे का?

उत्तर : अंगावरचे मुळीच बंद करू नका. डब्याचे नेहमीचे दूध गायीच्याच दुधापासून बनते. तुमच्या दुधातून बाळाला ज्या प्रथिनाचा जेमतेम अंश मिळतो, ते त्यात कितीतरी पटींनी जास्त असते.

आधी डॉक्टरांकडून बाळाची गुदाची जागा तपासून घ्या. तिथे बारीक चीर असली तरी शीला लाल रेघ लागते. तुमच्या स्तनाग्राला चिरा पडल्या असतील तर बाळाने गिळलेले रक्तही शीतून येते, पण ते बहुधा काळपट दिसते. ही दोन्ही कारणे नसतील, तर मग आहाराचा संशय घ्यायचा. त्यातही पहिला संशय गायीच्या दुधातल्या प्रथिनाचा.

तुमची गफलत लॅक्टोजमध्ये झाली आहे. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती तुमचे शरीर स्वतः तयार करते, तुम्ही काहीही खाल्ले तरी तुमच्या दुधात ती असणारच. बाळाला बाधते ते प्रथिन, आणि लॅक्टोजमुक्त दुधात ते जसेच्या तसे असते. म्हणजे पाच पदार्थ सोडूनही ज्याच्यावर खरा संशय, तो तुमच्या पोटात रोज जातच होता. म्हशीचे किंवा शेळीचे दूधही चालणार नाही. त्यांची प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुतेक बाळांना तीही बाधतात.

आता गहू, डाळी, अंडी, शेंगदाणे पुन्हा सुरू करा. फक्त दूध सोडा, पण पुरते सोडा : दही, ताक, लोणी, चीज, तूप, दुधाची पावडर, सगळे. पाकिटावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स यातले काहीही छापलेले असेल तर ते बाजूला ठेवा. बिस्किटे, पाव आणि तयार सूप यांतच बहुतेक जणी फसतात. हा नियम किमान २, फार तर ४ आठवडे पाळायचा. रक्त ३-४ दिवसांत थांबू शकते, पण आतड्याची सूज उतरायला वेळ लागतो. म्हणून आठव्या दिवशी पुन्हा एखादी रेघ दिसली तर निराश होऊ नका.

रोजची नोंद ठेवा. ‘मंगळवार, पहाटे ४, पिवळी, चिकट धागे, रक्त नाही’ एवढी ओळ पुरते. शंका वाटली तर लंगोटाचा उजेडात फोटो काढून ठेवा.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळ्याच जणी गाळतात, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. रक्त थांबल्यावर डॉक्टरांना सांगून दूध पुन्हा घ्यायचे : पहिल्या दिवशी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक कप, मग आठवडाभर नेहमीसारखे. रक्त परतले, तर निदान पक्के. दूध लगेच थांबवा. परतले नाही, तर दुधाचा संबंधच नव्हता. असे रक्त पुष्कळ बाळांचे आपोआपही थांबते. पुन्हा घेऊन न पाहिल्यास तुम्ही विनाकारण महिनोन्महिने पथ्य पाळत बसाल. या प्रकारात रक्ताच्या किंवा त्वचेच्या ॲलर्जी-चाचण्यांतून काही कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

दूध बंद असेपर्यंत तुम्हाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. गोळी घ्यावी लागली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, त्याहून जास्त नीट शोषले जात नाही. ड जीवनसत्त्वाचेही डॉक्टरांना विचारा.

चार आठवड्यांनीही फरक नसेल तर पुढचा संशय सोया किंवा अंड्याचा. पण एका वेळी एकच, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

ज्यांत वाट पाहत थांबू नये अशी लक्षणे : हिरवी उलटी, पुन्हापुन्हा उलट्या होऊन बाळ पांढरेफटक आणि मलूल पडणे, ताप, बरेच रक्त, वजन न वाढणे. यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टर गाठा. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणे किंवा श्वासाला त्रास असेल तर थेट इस्पितळ. अशा बाळाच्या बाबतीत दूध पुन्हा घेऊन पाहण्याचा प्रयोग घरी करायचा नाही.

प्रश्न : बाळ ५ आठवड्यांचे आहे, संध्याकाळी दोन-तीन तास रडते. मी कोबी खाल्ल्याने त्याला गॅस होतो का?

उत्तर : नाही. कोबीचा वायू तुमच्या आतड्यात होतो, तो रक्तातून दुधात उतरत नाही. हे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते आणि ३-४ महिन्यांत ओसरते. शी नेहमीसारखी, वजन वाढते आणि उरलेला दिवस बाळ शांत असेल, तर कोबी खुशाल खा.

प्रश्न : दूध बाधते हे पक्के झाले आहे. बाळाला ते कधी देता येईल?

उत्तर : बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास सोसू लागते. साधारणपणे ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान, पथ्याला किमान ६ महिने झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवात करतात. आधी भट्टीत नीट भाजलेल्या बिस्किटातले थोडे दूध, कारण उष्णतेने प्रथिनाची ठेवण बदलते आणि ते कमी बाधते. ते पचले की दही-चीज, आणि कच्चे दूध नव्हे, तर उकळलेले दूध सर्वांत शेवटी.